राखणदार साहेब घरी आहेत का?

“राखणदार साहेब घरी आहेत का?”

घरापुढच्या खळ्याच्या कडेला मोटारसायकल लावून त्या माणसाने विचारलं, तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत कोकमाच्या रसात होते. शेजारी बायका कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. एकीच्या हातातली परडी खाली पडली. आमच्या वाडीत राखणदाराची चौकशी अशी मोठ्याने, दिवसाउजेडी, वर ‘साहेब’ लावून आजवर कुणी केली नव्हती.

सासूबाई पायरीवर बसून कोकमं फोडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “फिराक गेलेत.”

“कधी येतील?”

“तेंचा काय सांगूचा? जागा मोठी आसा.”

माणूस चाळिशीतला होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, गळ्यात निळ्या पट्टीला लटकवलेलं ओळखपत्र, काखेत फाईल. मी हात धुऊन खुर्ची दिली. तो बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “मी ढाकणे. बँकेतून आलो. तुमच्या कंपनीच्या केवायसीचं बघायचंय. नवा नियम आलाय. डायरेक्टर कोण, मालक कोण, ज्याचा ज्याचा मोठा हिस्सा, तो तो माणूस आम्हाला डोळ्यांनी दिसला पाहिजे. डायरेक्टर तुम्ही दोघी, द्वारकाबाई धुरी आणि शैला धुरी. बरोबर?”

“बरोबर.”

“मालकीचे वाटे तीन. एक द्वारकाबाईंचा. एक त्यांच्या दोघा मुलांचा मिळून, त्यांचे कागद झालेत. आणि तिसरा,” त्याने फाईलमध्ये बोट घातलं, “श्री. राखणदार स्वयंभू जागेवाले. यांचा फोटो नाही, फोन नाही, आधार नाही, काहीच नाही. हे कोण, मावशी?”

“जागेचो मालक,” सासूबाई म्हणाल्या आणि कोकम फोडलं.

हे प्रकरण बाहेरच्या माणसाला मुळापासून सांगावं लागतं. मी स्वतः इचलकरंजीची. लग्न होऊन आले तेव्हा मलाही मुळापासूनच सांगावं लागलं होतं. कोकणात प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. जमीन तुमच्या नावावर असेल, जागा त्याची. तो घोंगडी पांघरून, काठी घेऊन भर दुपारी आणि तिन्हीसांजेला आपल्या हद्दीत फिरतो, म्हणून त्या वेळी तिकडे कुणी फिरकत नाही. वर्षाला त्याचा मान द्यायचा: नारळ, विड्या आणि कातड्याच्या नव्या वहाणा. आमचा राखणदार बागेच्या वरच्या टोकाला, किंजळीच्या झाडाखालच्या काळ्या दगडापाशी असतो. देवदिवाळीला तिथे ठेवलेल्या वहाणा पुढच्या देवदिवाळीला झिजलेल्या मिळतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या आहेत. टाचा एका बाजूने खाल्लेल्या, अंगठ्यापाशी कातडं गुळगुळीत झालेलं. पहिल्या वर्षी ते बघून मी तीन दिवस परसात एकटी गेले नव्हते.

माझे सासरे, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणायची, एस.टी.त कंट्रोलर होते. गाडी रिकामी असली तरी वेळेवरच सोडणार, असा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोकमाचा कारखाना काढला, आणि काढायचा तर रीतसर कंपनी करूनच, म्हणून कुडाळला एका वकिलाकडे गेले. मालक कोण कोण, असं विचारल्यावर म्हणाले, मी, माझे मुलगे आणि जागेवाला. जागा त्याची, त्याला सोडून मी कसा मालक? वकिलाचा कारकून घाटावरचा होता. त्याला वाटलं, असेल कुणी भागीदार. पूर्ण नाव? राखणदार. आडनाव? जागेवाले. वडिलांचं नाव? आबा खोटं कधी बोलत नसत, म्हणाले, स्वयंभू. वय? आमच्या पणज्याच्या आधीपासून आहेत. कारकुनाने विचार केला आणि लिहिलं: सज्ञान. व्यवसाय: राखण. पत्ता: किंजळीखाली, आंबेरवळ. तेव्हा फोटोबिटो कुणी मागत नसे. वर आबांनी स्वतःचा एक नियम घालून ठेवला, की तिन्ही वाटेकऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय ही जागा विकायची नाही.

आबा गेले, त्यांचा वाटा सासूबाईंकडे आला. कायद्याला दोन डायरेक्टर लागतात म्हणून दुसरी मी झाले. आमचे हे बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात, फोनवर त्यांचं एकच वाक्य, “तू बघ काय ते.” मी बघत होते. सरबताचं प्रमाण, बाटल्यांची झाकणं, कंपनी कायदा, सगळं जमेल तसं वाचून, चुकत चुकत शिकले. आणि तिसऱ्या वाट्याला कधी कुणी हात लावला नव्हता.

“ढाकणे साहेब,” मी सरळच सांगितलं, “ते माणूस नाहीत. देव आहेत.”

ढाकण्यांनी खिन्नपणे मान हलवली. “वहिनी, मी इतक्या कंपन्या बघितल्या. सगळीकडं मालक देवच असतात. तरी केवायसी लागती.”

“अहो, ते कुणाला दिसत नाहीत.”

“मोठे मालक दिसत नसतातच. तसले बी लई बघितले.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “खरं सांगू का, बीडकडं असताना मी एका मालकाला न बघताच ‘प्रत्यक्ष भेट झाली’ अशी टिक केली. गडी मरून वर्षं झाली होती. मेलेल्याच्या नावानं सगळा कारभार चालू! चौकशी लागली, बढती गेली आणि बदली झाली ती थेट समुद्रापाशी. तवापासून माणूस डोळ्यांनी दिसल्याबिगर माझं बोट हलत नाही.”

“आमचो मेललो नाय,” सासूबाई म्हणाल्या. “मरूचोय नाय.”

“मग तर बरंच आहे की,” ढाकणे म्हणाले आणि त्यांनी मोबाईल काढला. “चला, तोवर तुमचं उरकू.”

माझं लगेच उरकलं. सासूबाईंचं मात्र कठीण होतं. मोबाईलमधली बाई सांगायची आणि त्यांनी करायचं, असा तो प्रकार. पहिली अट, चौकटीत दुसरं कुणी नको. त्यांच्यामागे सोलंवाल्या साऱ्या बायका टाचा उंच करून उभ्या. त्यांना हाकललं तर मांजर आलं. मग मोबाईल म्हणाला, कृपया डोळे मिटा. सासूबाईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि ओठ हलवायला लागल्या. त्यांचं आवरेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा मोबाईल म्हणाला, कृपया मान डावीकडे वळवा. डावीकडे कोंबडी सोलांत शिरलेली त्यांना दिसली आणि त्या तशाच उठून तिच्यामागे गेल्या. मोबाईल म्हणाला, व्यक्ती आढळली नाही.

“कृपया हसा,” शेवटी मोबाईल म्हणाला.

“कित्याक?” सासूबाई मोबाईलला म्हणाल्या. “काय झाला हसण्यासारख्या?”

“मावशी, थोडं हसा. नियम आहे,” असं म्हणत ढाकणे मोबाईल जवळ न्यायला वाकले, आणि त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र शेजारच्या रसाच्या बादलीत बुडालं. वर काढलं तेव्हा त्यांचा फोटो, नाव, हुद्दा, सगळं लालभडक. सासूबाई अशा हसल्या की मोबाईलने टुण्णकन हिरवी खूण केली.

“माझी ओळख गेली, तुमची पटली,” ढाकणे ओळखपत्र झटकत म्हणाले. जाताना मात्र बजावून गेले. “महिनाअखेरपर्यंत जागेवाले साहेब मला दिसले पाहिजेत. नाहीतर खातं गोठतंय, माझ्या हातात काही राहत नाही. मी पुन्हा येतो. फिरतीवरनं आले की बसवून ठेवा.”

दुपार कलंडायच्या आत सासूबाई पडायला गेल्या. रोज त्या जेवून खोलीचं दार ओढून घेत, आणि त्या वेळी त्यांना उठवायचं नाही, हा घरचा नियम होता. मी एकटीच पायरीवर बसले. वर बागेत कोकमं लाल होऊन गळायला लागली होती. कोकमाला थांब म्हणता येत नाही. ऐन हंगामात खातं बंद म्हणजे बाटल्या बंद, मीठ बंद, बायकांचा रोज बंद. आणि एकदा कारखान्याला कुलूप लागलं, की जागा विकायला कोण टपलंय तेही मला ठाऊक होतं. माहेर कधीच मागे पडलेलं, नवरा पाण्यावर. या उतारावरची ही लाल माती सोडली तर मला जगात माझी म्हणावी अशी जागा नव्हती.

टपलेले होते ते माझे दीर, दिगंबर भावोजी. डोंबिवलीला असतात. आमची ही बाग एका रिसॉर्टवाल्याने त्यांच्याकडे मागितली होती. खोलीच्या खिडकीतून खाडी दिसेल, असं म्हणत होता म्हणे. आड येत होता तो आबांचा नियम. सासूबाईंनी बँकेचं सांगायला फोन केला, तर स्वारी आठवड्याच्या आत हजर.

“आये, ही संधी आसा!” पिशवी खाली ठेवायच्या आधीच ते म्हणाले. “बँकेक माणूस व्हयो ना? मी माणूस हाडतंय.”

“खंयचो माणूस?”

“डोंबिवलीचो. माझ्या ओळखीतलो. तेना गॅझेटात नाव बदललान हा. आता तेचा नाव राखणदार स्वयंभू जागेवाले. आधार, पॅन, सगळा नव्या नावान. एकदम कायदेशीर!”

मी ताट वाढता वाढता थांबले. “भावोजी, म्हणजे राखणदाराचा वाटा त्या माणसाचा होणार?”

“कागदावर, वहिनी, कागदावर. खातं सुटेल, तुमचा हंगाम वाचेल. तुमचंच भलं बघतोय मी.”

“आणि पुढे जागा विकायला त्याची सही लागेल तेव्हा?”

भावोजींनी भाताचा घास जरा मोठाच घेतला. तोंड भरलेलं असलं की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

सासूबाई मुलाकडे वळल्या. “झिला,” त्या म्हणाल्या, “राखणदार हयसर आसताना दुसरो राखणदार हाडतंस? तेका विचारलंस?”

“आये, तू पण ना! कोणाक विचारू? धोंड्याक?” असं ते म्हणाले खरे, पण म्हणताना त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. माणूस डोंबिवलीत कितीही वर्षं राहिला तरी कान आंबेरवळचेच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या माणसाला आणायला गेले आणि सासूबाई मला घेऊन किंजळीपाशी आल्या. नारळ ठेवला, विड्यांचा पुडा सोडून ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा जागेवाल्या म्हाराजा! तुज्या दारात बँकेचो माणूस इलो हा…”

“होय म्हाराजा,” मी म्हटलं.

“परमुलखातलो आसा, गरीब आसा, तेका तुजो चेहरो बघूचो आसा…”

“होय म्हाराजा.”

“तर तेका दिस. पण भियाव नको. तेची नोकरी जाव नये, माज्या सुनेचो कारखानो बंद पडू नये, आणि माज्या झिलाक अक्कल येवंदे म्हाराजा!”

या वेळचं ‘होय म्हाराजा’ माझ्याकडून जरा जास्तच जोरात गेलं.

खरं सांगायचं तर मला काही वाटलं नव्हतं. म्हातारं माणूस आहे, घालते गाऱ्हाणं, घालू दे. मी मनातल्या मनात ढाकण्यांना काय काय सांगून मुदत वाढवून घ्यायची, त्याची वाक्यं जुळवत होते. एक वाक्य तर इतकं चांगलं जमलं होतं की ते वापरायला मिळालं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

महिन्याचा शेवटचा दिवस. ऊन असं की कोंबड्याही माडाच्या सावलीत पंख पसरून पडलेल्या. बायका जेवायला घरी गेल्या होत्या. सासूबाई दार ओढून पडल्या होत्या. भावोजींचा फोन आला होता, ते आणि ‘तो’ कुडाळ स्टेशनवर उतरलेत, पोचतातच. मी खळ्यात ढाकण्यांची वाट बघत होते, आणि ढाकणे आले ते रस्त्याने नव्हे, वरून, बागेतून, चालत.

“मोटारसायकल वरच ठेवली. म्हणजे, ठेवायला लावली,” ते म्हणाले आणि पायरीवर बसले. चेहरा घामाने निथळत होता, पण खुलला होता. “झालं वहिनी काम. भेटले साहेब.”

“कोण साहेब?”

“आवो, जागेवाले!”

मी त्यांना ताक द्यायला पेला उचलला होता. तो तसाच हातात राहिला.

“रस्ता चुकून वरच्या बाजूनं शिरलो,” ढाकणे सांगायला लागले. “दोन-चार कलमांवरनं गाडी गेली असंल माझी. तर एकदम समोर. भर उन्हात डोक्यावरनं घोंगडी, हातात ही एवढी काठी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. माकडं हाकत होते. मला बघितलं नि काठी उचलली. म्हणाले, गाडी काढ. तुमच्याच भाषेत. मी म्हटलं, साहेब, आपण कोण? तर म्हणाले, ही जागा माझी, तू कोण ते सांग. आता माझं ओळखपत्र तर तुमच्या कोकमात गेलेलं, लाल चिट्टी नुसती. मला माझीच ओळख पटवता येईना! शेवटी हात जोडले, म्हटलं, बँकेतनं आलो, चेहरा दाखवा, नाहीतर माझी नोकरी जाती.”

“मग?”

“थांबले. विचार केला. म्हणाले, विडी आहे का? मी ओढत नाही, पण या महिन्यापासनं ठेवतो. इकडं लई जणं मागतात. दिली. मग घोंगडी जरा मागं घेऊन चेहरा दाखवला. ऊन असं डोळ्यावर आलेलं की मला नीट काही दिसंना, पण मोबाईलला दिसला.” त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. “आणि मजा बघा. इतकी वर्षं हे काम करतोय. डोळे मिटा नाही, मान वळवा नाही, पहिल्या झटक्यात हिरवं! वर म्हणतोय, हा चेहरा आधीच पडताळलेला आहे.”

“आधीच?”

“हां. म्हणजे जुनी ओळख असणार बँकेची. मला म्हटलंच होतं कुणीतरी, मोठे मालक सगळीकडं आधीच पोचलेले असतात.”

मी पेला खाली ठेवला. आतल्या खोलीचं दार तसंच ओढलेलं होतं.

तेवढ्यात खाली रिक्षा वाजली. पुढे भावोजी, मागे एक बारकासा, नव्या कोऱ्या सफारीतला माणूस. त्याला घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत कागद होते.

“नमस्कार, नमस्कार!” भावोजी म्हणाले. “साहेब, हे आमचे तिसरे भागीदार. राखणदार स्वयंभू जागेवाले. कामामुळे बाहेर असतात. हे आधार, हे पॅन, हे गॅझेट.”

ढाकण्यांनी कागद घेतले. एकेक कागद उन्हाकडे धरून बघितला. उलटून बघितला. मग त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं. बीडकडची ती टिक त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावी.

“कागद चोख आहेत,” ते म्हणाले. “पण हे ते नव्हेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे जागेवाल्यांना मी आत्ताच भेटून आलो. वर, झाडाखाली. नोंद पण झाली.”

भावोजी हसले. “साहेब, काहीतरी काय! वर कुणी नसतं. खरा राखणदार कधी कुणाला दिसतो का?”

“मला दिसले. घोंगडी पांघरून होते. काठी होती. वहाणा करकरत होत्या. विडी मागितली त्यांनी माझ्याकडं.”

विडी म्हटल्यावर भावोजींच्या चेहऱ्यावरचं डोंबिवलीचं सगळं पाणी उतरलं आणि खाली आंबेरवळचा पोरगा दिसायला लागला. त्यांनी एकदा वर बागेकडे बघितलं, एकदा त्या सफारीवाल्याकडे, आणि त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकले, जणू त्याला ओळखतच नाहीत.

“काही… काही म्हणाले का?” त्यांनी विचारलं.

“म्हणाले, ही जागा माझी.”

“आणखी?”

ढाकण्यांनी आठवून सांगितलं. “हां, जाताना म्हणाले, दिग्याक सांग, नारळ ठेवल्याशिवाय जाव नको. दिग्या कोण?”

“वहिनी, घरात नारळ आहे ना?” भावोजींनी विचारलं. सफारीवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, माझं खरं नाव शशिकांत आहे हो. आता ते परत मिळवायला पुन्हा गॅझेट करावं लागेल का?” मी त्याला ढाकण्यांना द्यायचं राहिलेलं ताक दिलं. त्या घडीला त्याला देता येण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

नारळ ठेवायला भावोजी वर गेले ते दोन गड्यांना सोबत घेऊन, आणि संध्याकाळच्या गाडीने ते आणि शशिकांत परत गेले. रिसॉर्टचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

दिवेलागणीला मी रोजच्यासारखं गरम पाण्याचं पातेलं घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले. त्यांचे पाय शेकायचं काम माझं. त्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या. पायांवर घोट्यापर्यंत लाल माती. खाटेखाली गेल्या देवदिवाळीच्या वहाणा, शेजारी घडी करून ठेवलेली घोंगडी.

मी त्यांचे पाय पाण्यात सोडले. 

“उन्हात पाय भाजतत गो,” त्या म्हणाल्या.

“विडी कशाला मागितलीत?”

“राखणदार विडी मागतलो नाय तर काय पेढो मागतलो?”

“आणि ओढलीत?”

“फुकट कित्याक घालवू?”

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, त्या दिवशी मोबाईलपुढे हसल्या होत्या तशाच. हसून झाल्यावर मी विचारलं, “कधीपासून फिरता, आई?”

“माजी सासू मेली तेव्हापासून. तेच्या आधी ती फिरायची. दुपारची माणसा निजतत, चोर आणि माकडा जागी आसतत. बायल माणसाक बघून कोण भियत नाय, शैला. घोंगडी बघून पळतत.”

“आणि आबांना हे ठाऊक होतं?”

त्यांनी पाय पाण्यातून काढले. मी पंच्याने पुसायला लागले. त्यांच्या टाचा एका बाजूने झिजलेल्या असत, हे मला इतकी वर्षं माहीत होतं. किंजळीखालच्या वहाणांच्या टाचाही माहीत होत्या. दोन्ही एकदम कधी डोळ्यांपुढे आल्या नव्हत्या.

“तेका सगळा ठावक,” त्या म्हणाल्या. “वकिलाकडसून इलो, तेव्हा माका म्हणालो, तुजो वाटो तुज्या नावार घातलंय तर उद्या हे झिल गोड बोलान तुज्याकडसून सही घेतले. तू तेंची आवस, तू देतलंस. म्हणान राखणदाराच्या नावार घातलंय. तेच्याकडे कोण सही मागूक जाणार नाय.”

“म्हणजे तो वाटा तुमचा?”

“माजो कसो?” त्यांनी वहाणा पायानेच खाटेखाली आत सारल्या. “जी फिरतली, तिचो.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ढाकण्यांची बढती झाली आणि ते बीडकडे गेले. दर देवदिवाळीला त्यांच्याकडून विड्यांचा एक पुडा येतो. पाकिटावर लिहिलेलं असतं, श्री. राखणदार स्वयंभू जागेवाले, किंजळीखाली. पोस्टमन तो मुकाट्याने माझ्या हातात देतो. शशिकांतचं आधार बदलायचं राहूनच गेलं म्हणून तो अजून राखणदारच आहे; डोंबिवलीत एका सोसायटीच्या फाटकावर असतो आणि साहेब लोक त्याला जरा दबकूनच असतात, असं भावोजी सांगतात. भावोजी मे महिन्यात पोरांना घेऊन येतात, आंबे खातात, पण गोठ्याच्या वर बागेत पाय टाकत नाहीत.

सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांच्या खाटेखालून मी काहीच बाहेर काढलं नाही. पुढच्या देवदिवाळीला कुडाळच्या बाजारातून नव्या वहाणा आणल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, माप? मी म्हटलं, थांबा, घालून बघते.

परवा बँकेतून एक नवी मुलगी आली होती. गळ्यात निळी पट्टी, हातात मोबाईल. नियम पुन्हा बदललाय म्हणे, सगळे मालक पुन्हा बघायचे आहेत. खळ्यातूनच तिने विचारलं, “राखणदार साहेब घरी आहेत का?”

मी पायरीवर कोकमं फोडत होते. मान वर न करता सांगितलं, “फिरायला गेलेत. आधी माझं उरकून घे. मग जेवून, सावकाश, भर दुपारी किंजळीकडे जा. भेटतील. आणि गाडी कलमांवर घालू नकोस.”

मग माझी पडायची वेळ झाली, म्हणून आत जाऊन दार ओढून घेतलं. यंदाच्या वहाणा अजून करकरतात. विडीचा मात्र मला ठसका लागतो.